पगारपत्रकावरच्या दोन रेघा

लाइपझिग, जर्मनी,
रविवार, 23 नोव्हेंबर 2025

ती. बाबा व सौ. आईस,
सा. न. वि. वि.

आधी आईच्या प्रश्नांची उत्तरं. जेवते, दोन-दोन मोजे घालते, रात्री उशिरा एकटी फिरत नाही, खोकला गेला. मेतकूट अजून आहे, पाठवायची घाई नको. आता बाबांचा प्रश्न.

रीडेव्हलपमेंटच्या कर्जासाठी बँकेला माझं पगारपत्रक हवं होतं म्हणून पाठवलं, तर पगारापेक्षा धर्माच्या रकान्यातल्या दोन रेघाच तुमच्या डोळ्यांत भरल्या. फोनवर तुम्ही फक्त "असं का?" म्हणालात आणि फोन आईकडे दिलात. मग आईने मनात येईल ते सगळं विचारून घेतलं. व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं असतं तर तुम्ही अर्धं वाचून अंगठा दाखवला असता, म्हणून पत्र.

मी धर्म सोडलेला नाही, बदललेला नाही, आणि कुणी माझ्या मागेही लागलेलं नाही. त्या दोन रेघांचा अर्थ इतकाच की हिच्या पगारातून चर्चचा कर कापू नये. हिंदूंसाठी असा कर नाही, म्हणून हिंदू लिहायला जागाच नाही. मुसलमान, शीख, बौद्ध, नास्तिक, सगळ्यांच्या नावापुढे त्याच दोन रेघा. रकाना कर-खात्यासाठी आहे, त्यात श्रद्धा शोधू नका.

हा चर्च-कर मात्र नीट समजावून सांगते. एक तर तुम्हाला कोणत्याही कपातीत रस असतो, आणि दुसरं म्हणजे तुमच्या बँकेतल्या वसईच्या मित्रांची मुलगी नर्स म्हणून इकडे यायची आहे. ती कॅथलिक. तिला याची खरोखर गरज पडेल.

इथे घर बदललं की दोन आठवड्यांत नागरी कार्यालयात जाऊन पत्ता नोंदवायचा असतो. घरमालकाचं पत्र, पासपोर्ट आणि एक फॉर्म. त्या फॉर्मवर धर्म विचारतात. तिथे 'रोमन कॅथलिक' किंवा 'प्रोटेस्टंट' लिहिलं की ती माहिती कर-खात्यामार्फत थेट कंपनीच्या संगणकात जाते आणि पगारातून कापणं सुरू होतं. मध्ये कुणी पाद्री येत नाही, कुणी काही विचारत नाही. बऱ्याच परदेशी लोकांना पहिल्या पगाराच्या दिवशीच कळतं की आपण काय लिहून बसलो. कापतात ते पगाराच्या टक्क्याने नव्हे, आयकराच्या टक्क्याने: बायर्न आणि बाडेन-व्युर्टेम्बेर्ग या दोन राज्यांत 8 टक्के, बाकी सगळीकडे 9. समजा महिन्याचा आयकर 700 युरो असेल, तर इथे साक्सनीत चर्चला 63 युरो जातात, वर्षाला 756. विवरणपत्र भरताना ही रक्कम उत्पन्नातून वजा करता येते, त्यामुळे थोडं परत मिळतं. सरकार हे वसुलीचं काम फुकट करत नाही, जमा रकमेच्या दोन ते चार टक्के स्वतःला ठेवतं. (बाबा, तुम्ही आत्ता मनात म्हणालात, "शेवटी सरकारच.")

हे आलं कुठून? 1803 साली इथल्या राजेरजवाड्यांनी चर्चच्या जमिनी आणि मठ ताब्यात घेतले. उत्पन्न गेलं, मग एकोणिसाव्या शतकात एकेका राज्याने सभासदांकडून कर घ्यायची सोय लावून दिली. 1919 च्या राज्यघटनेत ते कलम गेलं आणि 1949 च्या घटनेने ते जसंच्या तसं उचललं. म्हणजे देश दोनदा मोडला, नकाशा बदलला, कर तसाच राहिला.

आता बाहेर कसं पडायचं ते. चर्चमध्ये जाऊन सहसा काही होत नाही. इथे साक्सनीत विवाह-जन्म नोंदणी कार्यालयात, तर बर्लिनसारख्या काही ठिकाणी कोर्टात जावं लागतं. वेळ घ्यायची, पासपोर्ट न्यायचा, बहुतेक राज्यांत तीस-पस्तीस युरो फी, कारण कुणी विचारत नाही, सही केली की संपलं. ईमेल चालत नाही. स्वतः जाणं शक्य नसेल तर नोटरीकडून सही प्रमाणित करून पाठवावं लागतं. मिळालेला दाखला मात्र जन्मभर जपायचा, कारण दुसऱ्या शहरात गेल्यावर कधी चौकशी आलीच तर सभासद नसल्याचं तुम्हालाच सिद्ध करावं लागतं. फसतात ते इथेच. नेहमी होणारी गफलत म्हणजे आईवडिलांनी बाळाचा बाप्तिस्मा केला, पुढे स्वतः चर्च सोडलं, पण मुलाचं नाव काढायचं राहिलं. मुलगा पंचवीस-तीस वर्षं स्वतःला नास्तिक समजतो, बर्लिनला नोकरी लागते, चर्चचं कर-कार्यालय जुन्या वहीत बाप्तिस्म्याची नोंद शोधून काढतं आणि मागच्या वर्षांचीही मागणी पाठवतं. अशी प्रकरणं कोर्टापर्यंत गेली आहेत. आणखी एक गंमत: नवरा-बायकोपैकी एकच सभासद असेल, त्याची कमाई थोडी आणि दुसऱ्याची मोठी असेल, आणि दोघं एकत्र विवरणपत्र भरत असतील, तर काही ठिकाणी दोघांच्या मिळून उत्पन्नावर वेगळी वर्गणी बसते. म्हणजे न मानणाऱ्याच्या पैशांतूनही देवाला जातंच.

वसईच्या मुलीला एवढंच सांगा की फॉर्मवर खरं तेच लिही. आज पैसे वाचवायला 'कोणताच धर्म नाही' लिहिलं आणि उद्या चर्चमध्ये लग्न करायचं ठरवलं तर वसईच्या पॅरिशमधून, म्हणजे तिच्या भागातल्या चर्चमधून, बाप्तिस्म्याचा दाखला मागवावाच लागणार आणि मग मागचं सगळं वर येणार. इथल्या बिशपांनी 2012 मध्ये स्पष्ट केलंय की ज्याने नोंदणी कार्यालयात जाऊन चर्च सोडलं त्याला कम्युनियन, म्हणजे पवित्र भाकरीचा प्रसाद, नाही, बाप्तिस्म्याला मुलाचा धर्मपिता होता येत नाही, पश्चात्ताप दाखवला नाही तर चर्चकडून दफनविधीही नाकारला जाऊ शकतो. शिवाय इथली कितीतरी रुग्णालयं आणि वृद्धाश्रम चर्चच्याच संस्था चालवतात. तिची नोकरी तशा ठिकाणी असेल तर चर्च सोडणं नोकरीवर बेतू शकतं. त्यामुळे करार सही करण्याआधी मालक कोण ते बघावं.

पगारपत्रकात अजून एक गोष्ट तुमच्या नजरेतून सुटली. शुश्रूषा-विम्याचा, म्हणजे पुढे आजारपणात-म्हातारपणी सांभाळ लागला तर त्यासाठीच्या विम्याचा, माझा हप्ता बाकीच्या जर्मनीपेक्षा अर्धा टक्का जास्त आहे. कारण परवाचा बुधवार. तो प्रोटेस्टंटांचा पश्चात्ताप आणि प्रार्थनेचा दिवस. 1995 मध्ये हा विमा सुरू झाला तेव्हा कंपन्यांचा खर्च भरून काढायला बाकी सगळ्या राज्यांनी त्या दिवसाची सुट्टी रद्द केली. साक्सनीने ठेवली, आणि तिची किंमत कर्मचाऱ्यांच्या हप्त्यात लावली. आता मजा बघा, या राज्यात चर्चचे सभासद पाचांत एकाच्या आसपास उरलेत. प्रार्थना करणारे मोजके, पण सुट्टीचे पैसे सगळे भरतात, मी पण. त्या दिवशी कपडे धुतले आणि डोसे केले.

आईचा प्रश्न होता, "तिकडे देवधर्म संपलाच का गं?" बाबांनी मागे पाठवलेल्या फॉरवर्डमध्येही तेच होतं: युरोप संपला, चर्च विकून मंदिरं होतायत. आकडे बघितले तर पहिलं वाक्य बरोबर वाटेल. 2022 या एका वर्षात जर्मनीत 5 लाख 22 हजारांहून जास्त कॅथलिकांनी राजीनामा दिला. त्या जानेवारीत म्युनिकच्या धर्मप्रांतातल्या बाललैंगिक अत्याचारांचा अहवाल बाहेर आला होता. 2024 मध्ये संताप थोडा निवला तरी कॅथलिक सव्वातीन लाखांच्या आसपास गेले आणि प्रोटेस्टंट जवळजवळ साडेतीन लाख. देशात दोन्ही चर्चचे मिळून सभासद 2022 पासून निम्म्याहून कमी आहेत. जाणारे सगळे चिडून जात नाहीत. पंचविशी-तिशीत जाणाऱ्यांचं प्रमाण सगळ्यात जास्त असतं, म्हणजे पहिला पुरता पगार हातात आला की. लहानपणी आईवडिलांनी नाव घातलेलं, मध्ये कधी आत पाऊल नाही, आणि एकदम दर महिन्याला साठ युरो. माझ्या मते यातल्या निम्म्यांची श्रद्धा केव्हाच गेलेली असते, कर फक्त तारीख ठरवतो.

पण 'धर्म कमी झाला' म्हणताना लोक तीन वेगळ्या गोष्टी एकात कालवतात: वहीत नाव असणं, दर आठवड्याला जाऊन बसणं, आणि "मी अमुक धर्माचा" असं सांगणं. या तिन्ही एकाच वेळी चढत-उतरत नाहीत. कोणत्या देशात काय मोजलंय ते बघितल्याशिवाय फॉरवर्ड पुढे पाठवू नका, बाबा. रशियाचंच घ्या. मॉस्कोचं मोठं ख्रिस्त-तारक कॅथेड्रल 1931 मध्ये सुरुंग लावून पाडलं. तिथे सोव्हिएत महाल उभा राहायचा होता, तो काही झाला नाही, शेवटी त्या खड्ड्यात उघडा पोहण्याचा तलाव केला. 1990 च्या दशकात तलाव बुजवून कॅथेड्रल पुन्हा बांधलं आणि 2000 मध्ये त्याचं पवित्रीकरण झालं. यापेक्षा मोठं पुनरुज्जीवन कुठलं? प्यू या अमेरिकन संस्थेने मांडलेल्या आकड्यांप्रमाणे 1991 मध्ये स्वतःला ऑर्थोडॉक्स (तिथला मुख्य ख्रिस्ती पंथ) म्हणवणारे रशियन 31 टक्के होते, 2008 मध्ये 72 टक्के. आणि महिन्यातून एकदा तरी चर्चला जाणारे? 2 टक्क्यांवरून 7 टक्के. घुमट सोन्याचे, बाकं रिकामी. (त्यांच्याकडे बाकं नसतातच, उभं राहतात, पण तुम्हाला कळलं.)

शेजारच्या पोलंडचं अगदी उलट. कम्युनिस्ट असताना चर्च सरकारविरुद्ध उभं राहिलं, तेव्हाचे पोप तिथलेच, त्यामुळे लोक चर्चला धरून राहिले. तिथे चर्च स्वतः वर्षातून एका रविवारी माणसं मोजतं. 2019 मध्ये सभासदांपैकी 36.9 टक्के हजर होते, 2022 मध्ये 29.5. मध्ये करोना होताच, पण तरुणांना चर्च सत्ताधाऱ्यांच्या फार जवळ गेलेलं दिसलं हेही खरं. सरकार छळत होतं तेव्हा गर्दी, सरकार मायेने वागायला लागल्यावर ओहोटी.

आणि माझ्या लाइपझिगने दोन्हीपैकी काहीच केलं नाही. 1950 च्या सुमारास इथे, म्हणजे तेव्हाच्या कम्युनिस्ट पूर्व जर्मनीत, दहांत नऊ माणसं चर्चची होती, 1989 मध्ये दहांत तीनेक. मारझोड करून हे झालं नाही. 1954 पासून सरकारने चौदाव्या वर्षी करायचा एक बिनदेवाचा संस्कार रूढ केला. समारंभ, भाषण, हातात पुस्तक, मग घरी जेवण आणि भेटी. ज्या मुलांनी त्याऐवजी चर्चचा विधी केला त्यांना पुढच्या शाळेत आणि विद्यापीठात जागा मिळणं अवघड झालं. आईबापांनी मुलांच्या शिक्षणाचा विचार केला, कुणीही करेल. शहराच्या मध्यावरचं विद्यापीठाचं जुनं चर्च, युद्धात वाचलेलं, 30 मे 1968 ला स्फोट करून उडवलं. पण याच शहरात निकोलाय चर्चमध्ये दर सोमवारी पाचला शांतिप्रार्थना सुरू झाली आणि 9 ऑक्टोबर 1989 ला तिथून निघालेल्या मोर्चात सत्तर हजार लोक होते. महिन्याभरात बर्लिनची भिंत पडली. आईला ते चर्च आवडेल. आतले खांब पांढरे आणि वर टोकाला हिरवी खजुराची पानं फुटलेली, त्यामुळे बागेत बसल्यासारखं वाटतं. सोमवारची प्रार्थना आजही होते. लोक चर्चचे उपकार मानतात, मेणबत्ती लावतात आणि घरी जातात. सभासद झाले नाहीत. जे घरात दोन पिढ्या नव्हतं, ते भिंत पडली म्हणून परत येत नाही. इथे थॉमस चर्चमध्ये, जिथे बाख 1723 पासून मरेपर्यंत संगीतप्रमुख होता, मुलांचा गायकसंघ शुक्रवारी संध्याकाळी गातो तेव्हा बसायला जागा नसते. आलेल्या माणसांत देव मानणारे किती, हे विचारायचं नसतं.

चर्च विकतात हे खरं, पण फॉरवर्डमध्ये दाखवतात तशी चावी हातात देऊन नाही. आधी दोन-तीन पॅरिश एकत्र करतात, कारण पाद्रीच नाहीत. कितीतरी गावांतला पाद्री आज आपल्या केरळचा आहे. बिशप लेखी आदेश काढतात. शेवटची प्रार्थना होते, त्यात तो आदेश वाचतात, वेदीत बसवलेले संतांचे अवशेष काढून घेतात, पवित्र भाकरी दुसऱ्या चर्चमध्ये नेतात, अखंड तेवणारा दिवा विझवतात. आई, आपली उत्तरपूजाच समज, त्याशिवाय मूर्ती हलवत नाहीत तसं. मग इमारतीचं काय करायचं हा खरा डोकेदुखीचा भाग. बऱ्याचदा पुरातन वास्तू म्हणून पाडता येत नाही, आणि उंच छतामुळे हिवाळ्यात गरम करायचा खर्च परवडत नाही. घंटा आणि ऑर्गन विकले जातात, बरेचसे पूर्व युरोपात जातात. म्योन्शनग्लाडबाखला एका चर्चच्या आत भिंत चढायचा खेळ आहे, बीलेफेल्डला एकात रेस्टॉरंट आणि दुसऱ्यात ज्यूंचं सिनेगॉग, हॅम्बुर्गला एकाची मशीद झाली. मंदिराचंही सांगते, म्हणजे बाबांना बरं वाटेल. हाम शहरातलं कामाक्षीचं मोठं मंदिर 2002 चं आहे, पण ते चर्च विकत घेऊन केलेलं नाही. श्रीलंकेतून निर्वासित होऊन आलेल्या तमिळांनी ते औद्योगिक वसाहतीत नवं गोपुर उभारून बांधलंय. रथयात्रेला हजारो लोक येतात. यात जर्मन माणसं हिंदू झाली असं काही नाही, हिंदू माणसं जर्मनीत आली. इंग्लंड-वेल्समध्येही 2021 च्या जनगणनेत ख्रिस्ती पहिल्यांदाच निम्म्याखाली, 46.2 टक्क्यांवर आले, तेव्हा हिंदू 1.7 टक्के होते. जागा रिकामी झाली ती 'कोणताच धर्म नाही' म्हणणाऱ्या 37.2 टक्क्यांनी भरली.

जिथे खरोखर वाढतंय तिथे वाढ कशी दिसते तेही बघा. फ्रान्समध्ये 2025 च्या ईस्टरला 10,384 प्रौढांनी बाप्तिस्मा घेतला. आदल्या वर्षी 7,135 होते. बरेचसे कॉलेजच्या वयाचे. बाळांचे बाप्तिस्मे मात्र घटतच आहेत, त्यामुळे एकूण आकडा वाढला असं कुणी म्हणू नये. पण घरच्यांनी नाव घातलं म्हणून आलेला आणि वर्ष-दीड वर्ष तयारी करून स्वतः आलेला यांत फरक आहे. ब्राझीलमध्ये धर्म कमी झालाय की वाढलाय हेच ठरवता येत नाही: 2010 मध्ये 65.1 टक्के असलेले कॅथलिक 2022 च्या जनगणनेत 56.7 वर आले आणि इव्हँजेलिकल, म्हणजे तिथले प्रोटेस्टंट, 21.6 वरून 26.9 वर गेले. कॅथलिक पाद्री व्हायला अनेक वर्षांचं शिक्षण आणि ब्रह्मचर्य लागतं. तिथल्या वस्तीत पेंटेकोस्टल (इव्हँजेलिकलांतलाच एक पंथ) पास्टर गाळा भाड्याने घेतो, प्लास्टिकच्या खुर्च्या आणि माईक आणतो आणि पुढच्या रविवारी सुरू करतो. तो गल्लीतलाच असतो, नोकरी गेलेल्याला आणि दारू सोडू पाहणाऱ्याला नावाने ओळखतो.

आफ्रिकेचं तर सगळंच वेगळं. 1910 मध्ये सहाराच्या दक्षिणेला ख्रिस्ती सुमारे 90 लाख होते, 2010 मध्ये 51 कोटींवर. आज जगातले ख्रिस्ती युरोपपेक्षा तिथे जास्त आहेत. आणि बाबा, तुमच्यासाठी हिशेब: नायजेरियातल्या पेंटेकोस्टल चर्चमध्ये सभासदाने उत्पन्नाचा दहावा हिस्सा द्यावा अशी अपेक्षा असते. साडेचार हजार युरो पगार असता तर 450. इथे तेवढ्याच पगारावर साठ-सत्तर युरो जातात म्हणून लोक रांगा लावून राजीनामे देतात. पैसे जास्त म्हणून कुणी जात नाही, हातातून न जाता पगारातून परस्पर जातात म्हणून जातात, असं मला वाटतं. नायजेरियाच्या लागोस शहरातला माणूस पाकीट स्वतः पेटीत टाकतो, आजारी पडला तर त्याच चर्चची माणसं घरी येतात.

आपल्याकडे वहीच नाही, त्यामुळे नाव कापायची सोयही नाही. आपल्या ठाण्याच्या कौपिनेश्वर देवळाकडे सभासदांची यादी आहे का? मी गेली कित्येक वर्षं सोमवारी गेले नाही तरी कुणी नोटीस काढणार नाही. 2011 च्या जनगणनेत देशभरात धर्म न सांगणारे 0.24 टक्के निघाले, म्हणजे जवळजवळ 29 लाख. एवढ्यावरून आपल्याकडे सगळे रोज पूजा करतात असं ठरतं का? पाडव्याच्या स्वागतयात्रेत फेटा बांधून ढोल वाजवणाऱ्या माझ्या मैत्रिणींतल्या किती जणी घरात दिवा लावतात, हे आईला चांगलं माहीत आहे. खारघरला इस्कॉनचं एवढं मोठं मंदिर जानेवारीत उघडलं, मावशी दर एकादशीला जाते, आणि दादा तिथे पार्किंग चांगलं आहे म्हणून जातो. दोघं एकाच गर्दीत मोजले जातात. आकडा एका निर्णयाने खरोखर हललेला बघायचा असेल तर आपलंच उदाहरण आहे: 1951 मध्ये भारतात बौद्ध 1 लाख 81 हजार, नागपुरात 14 ऑक्टोबर 1956 ला बाबासाहेबांनी दीक्षा घेतली आणि दिली, आणि 1961 मध्ये 32 लाख 50 हजार. तिथे लोकांनी उभं राहून, प्रतिज्ञा म्हणून, जुनं सोडलं आणि नवं धरलं. जगात इतर कुठे दहा वर्षांत असं झालेलं मला माहीत नाही.

एवढं सगळं लिहिलं त्याला कारण आहे. आई, खाली बसून वाच. दिवाळीच्या व्हिडिओ कॉलवर मागे चकली खात बसलेला, तू "हा कोण गं उंच?" म्हणून विचारलंस, मी "ऑफिसातला" म्हणाले. ऑफिसातलाच आहे. आम्ही लग्न करायचं ठरवलंय. नाव फोनवर सांगते, लिहून उच्चार कळणार नाही. त्याच्याही पगारपत्रकावर त्या दोन रेघाच आहेत. आजोबांनी पन्नाशीच्या दशकात चर्च सोडलं, आईवडिलांचा कधी बाप्तिस्मा झाला नाही, त्याचाही नाही. म्हणजे ख्रिश्चन नाही, हे आत्याला सांगताना उपयोगी पडेल. दारू बीअरपुरती. मटण खातो, पण आपणही खातोच. गणपतीला इथल्या मंडळात मोदक वळायला बसला होता, कळ्या माझ्यापेक्षा बऱ्या पाडतो. देव मानत नाही, पण मी दिवा लावते तेव्हा टीव्हीचा आवाज कमी करतो. आईला हे पुरेसं वाटणार नाही, मला माहीत आहे.

बाबा, व्यवहाराचं. ठाण्यात सप्तपदी करायची माझी इच्छा आहे आणि त्याची ना नाही. पण हिंदू विवाह कायद्याखाली दोघंही हिंदू लागतात, त्यामुळे नोंदणी इथेच करून घेऊ आणि विधी तिकडे. गुरुजी गोत्र विचारतील. माहीत नसलं की काश्यप सांगतात, हे आजीनेच मला शिकवलंय. इथल्या नोंदणीसाठी माझा जन्मदाखला आणि अविवाहित असल्याचं प्रतिज्ञापत्र लागतं. आपला अपोस्टिल शिक्का (कागद परदेशात खरे धरावेत म्हणून मारतात तो) जर्मनी मानत नाही, वकिलातीमार्फत कागद तपासले जातात आणि त्यावर ड्रेस्डेनच्या वरिष्ठ कोर्टाची परवानगी, असे मिळून कित्येक महिने जातात. म्हणून आत्ताच लागायला हवं. येत्या गुढीपाडव्याला येत नाही, सुट्टी त्या कामांसाठी शिल्लक ठेवतेय. रागावू नका. गुडघ्याच्या ऑपरेशनला मी नव्हते, हे आई बोलून दाखवत नाही, पण मला आठवतं. दादाला सांगितलंय, पुढच्या तपासणीला तोच घेऊन जाईल.

पैशांचं: नवीन घरासाठीचा माझा हप्ता चालूच राहील, लग्नामुळे त्यात एक रुपया कमी होणार नाही. बिल्डरने भाड्याचे चेक वेळेवर दिले नाहीत तर मला लगेच कळवा, सोसायटीच्या मीटिंगची वाट बघू नका. या महिन्यात नेहमीपेक्षा थोडे जास्त पाठवतेय, आईची फिजिओथेरपी आणि आजीचा चष्मा त्यातून करा. दागिने मोडायचे नाहीत. हॉल वगैरे आत्ता बघू नका, तीस-चाळीस माणसांत करू, खर्च आम्ही दोघं करणार.

जन्मदाखला महापालिकेत मागायच्या आधी कपाटातला जुना बघा. त्या काळी नाव ठेवायच्या आधीच नोंद करायचे, त्यावर माझं नाव आहे की नुसतं 'स्त्री' लिहिलंय ते कळवा. नाव नसेल तर आधी नाव घालायचा अर्ज करावा लागेल, त्याला माझा शाळेचा दाखला लागेल, तो निळ्या फाईलमध्ये आहे.

तुमची,
मनू